माझं नाही की ते

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मी ऑर्डरींचं काम बघते. शेजारच्या टेबलावरच्या बाई टॉवेलची डिझाइन कॉम्प्युटरवर करतात. त्यांच्या घरी तेलुगू, इथं मराठी, आणि प्रत्येक वाक्याला 'की' जोडलेला. जेवणाच्या सुट्टीत त्या टीव्हीवरच्या कार्टूनमधलं आपलं लाडकं माकड काढत बसतात.

एकदा मालकांनी ते चित्र उचललं. "लहान मुलांच्या टॉवेलवर हेच घ्या. हातोहात खपेल."

"माकड माझं नाही की, मालक. आवडतंय म्हणून काढते. विकायचं तर ज्यानं केलंय त्याला विचारायला पायजे."

"बाजारात सगळेच छापतात!"

"छापू द्या की. माझ्या हातून नको."

मालक तणतणत गेले. बाईंची नोकरी जाते की काय, या धास्तीनं मी अर्धा डबा तसाच झाकून ठेवला. बाईंनी मात्र डबा संपवला, हात धुतले आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या मनातली एक शेळी काढली. तिरळी, खट्याळ, गळ्यात घुंगरू.

मालकांनी ती दोन दिवस बघितलीही नाही. तिसऱ्या दिवशी मागावर चढवली.

पहिला टॉवेल आला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात मालकांनी बाईंचं नाव बारीक अक्षरांत भरून घेतलं होतं. बाई बराच वेळ त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.