चांदीच्या पत्र्यावरची अक्षरं

बोरिवलीत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, जोडपं राहायचं. काका निवृत्त ड्राफ्ट्समन, काकी शिवणाचे क्लास घ्यायच्या. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की काका लेकीच्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूतला जुना आशीर्वाद म्हणायचे. मी तिथे असले तर माझ्याही. आणि मग हळूच म्हणायचे, "हे सगळं बाबिलोनच्या बंदिवासानंतर लिहिलेलं, बरं का." बंदिवास म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ज्यूंना कैद करून बाबिलोनला नेलं तो. काकींना ते मुळीच आवडायचं नाही; त्यांच्या मते आशीर्वाद आणि तो ज्यात आहे तो धर्मग्रंथ त्याच्या कितीतरी आधीचा.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. काकींच्या भावाचं इस्राएलहून पत्र आलं, त्यात एक इंग्रजी कात्रण. काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी पार्ल्याला कॉलेजात इतिहास शिकत होते, म्हणून वाचायला मला बोलावलं.

जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन गुंडाळ्या सापडल्या होत्या. विडीच्या थोटकाएवढ्या, गळ्यात घालायच्या. न मोडता उलगडायलाच काही वर्षं गेली. आत टोकदार काहीतरी घेऊन कोरलेला, थोड्या फरकानं, तोच आशीर्वाद! अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक त्यांना बंदिवासाआधीच्या मानत होते. मृत समुद्राकाठच्या प्रसिद्ध हस्तलिखितांहून कितीतरी जुन्या.

"ऐकलंत?" काकी म्हणाल्या.

काकांनी मला कात्रण पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आशीर्वाद जुना ठरला. अख्खा ग्रंथ नाही. आधी लोकांच्या तोंडी असेल, मग ग्रंथात आला असेल."

"पण तुम्ही तर सगळंच नंतरचं म्हणत होता."

"हो. तेवढं चुकलं माझं."

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या.

काकांच्या डोक्यातून मात्र ते जाईना. "वळणावरून वय कसं कळतं गं?" डोळा बरा झाल्यावर मी त्यांना कान्हेरीच्या लेण्यांत नेलं. दोन वेगवेगळ्या काळांतल्या शिलालेखांत एकच ब्राह्मी अक्षर कसं बदलत गेलंय ते दाखवलं. काकांनी भिंतीसमोर बसून दोन्ही वळणं वहीत उतरवली, अगदी मापात. घरी आल्यावर मेव्हण्याला लिहिलं : त्या पत्र्याचा फोटो पाठव.

फोटो यायला चार महिने लागले. अक्षरं त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्यासारखी नव्हतीच, त्याहून फार जुनी लिपी. काका भिंग आणि मी लायब्ररीतून आणलेला जुन्या हिब्रू लिपीचा तक्ता घेऊन रोज बसायचे.

"काही लागलं का?" एका दुपारी मी विचारलं.

"चार अक्षरं. देवाचं नाव आहे."

त्यांच्यात ते नाव उच्चारत नाहीत. काकांनी फोटो काकींपुढे सरकवला आणि त्या चार अक्षरांखाली नुसतं बोट धरलं.