पहिल्या पाण्याचा हक्क

कुमुद भाट्यांची सून होऊन दिवेआगरला आली, तेव्हा सासऱ्यांनी तिला आधी देवघर दाखवलं आणि लगेच विहीर. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. विहीर दोन वाड्यांत सामाईक होती, एक आप्पांची आणि दुसरी त्यांच्या धाकट्या भावाच्या विधवेची, अनुसूयाबाईंची. केवड्याच्या बनापलीकडे लगेच समुद्र असल्यामुळे पाण्याला एक खोड होती. रात्रभर साठलेलं पाणी सकाळी गोड लागे. रहाट फिरून पातळी उतरली की दुपारनंतर तेच पाणी मचूळ होई. माड ते पाणी सोसतो, सुपारीची पोफळ सोसत नाही. म्हणून सकाळची पाळी कोणाची, याला भाट्यांच्या घरी फार महत्त्व. रीत अशी, की घराण्यात वयाने जो थोरला पुरुष, पहिलं पाणी त्याच्या वाडीला. तेव्हा आप्पा थोरले होते, म्हणून सकाळ त्यांची होती.

कुमुद तळा गावच्या एका शाळामास्तरांची मुलगी. आवाज चढवून बोलणं तिला माहीत नव्हतं. राग आला की ती जास्तच अदबीने बोलायची, पदर नीट करायची, समोरच्याला आग्रह करायची. हे ओळखायला आप्पांना दोन वर्षं लागली. तिच्या नवऱ्याला, मार्तंडला, कधी ओळखताच आलं नाही.

मार्तंड पायलट होता. अनुसूयाबाईंचा मुलगा विश्वंभर हाही पायलट, मार्तंडहून दोन वर्षांनी मोठा. लढाईच्या काळात दोघे मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकले. स्वातंत्र्यानंतर विश्वंभरला ‘हिंद कोस्टल’ या मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली आणि मार्तंडला ‘सह्याद्री एअरवेज’ नावाच्या लहानशा कंपनीत. सह्याद्रीकडे तीन जुनी डाकोटा विमानं होती. त्यांतल्या एकाचा मार्तंड कॅप्टन झाला, डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसू लागला. सांताक्रूझला एका खोलीत चौघे पायलट राहत. कुमुद दिवेआगरलाच राहिली, कारण आप्पांना दम्याने वाडीत उतरवेना आणि वाडी गड्यांवर सोडून चालत नाही. चार वर्षांत तिने पोफळीची नवी रोपं लावून कमरेएवढी वाढवली.

पन्नास साली हिंद कोस्टलने सह्याद्री विकत घेतली. विमानं गेली तशी माणसंही गेली. मग प्रश्न आला, कोण कोणाच्या वर? हिंद कोस्टलने चार इंजिनांची नवी विमानं मागवली होती आणि त्यांवर शिकायला पाठवायचं ते ज्येष्ठतेच्या क्रमाने. पायलटांच्या संघटनेने समिती नेमली. विश्वंभर त्या समितीत होता आणि त्याने आपला मुद्दा लावून धरला: सह्याद्रीच्या पायलटांची आधीची नोकरी धरायची नाही, ते हिंद कोस्टलमध्ये आले त्या दिवसापासून मोजायचं. तसंच झालं. मार्तंड कॅप्टनचा को-पायलट झाला. डावी खुर्ची जाऊन उजवी आली. चार इंजिनांचं विमान तर त्याच्या जन्मात येईल असं दिसेना.

त्या वर्षी गणपतीला दोघेही गावी आले. जेवणाच्या पंक्तीला बोर्लीपर्यंतचे भाऊबंद होते. विश्वंभर मुळात गप्पिष्ट, त्यात नव्या मानाने फुललेला.

“आता मार्तंड कधी कधी माझ्याबरोबर असतो बरं का,” तो मोदक फोडत म्हणाला. “विमान सुटलं जमिनीवरून की मी म्हणतो, ‘चाकं वर!’ आणि हा उजवीकडून दांडा ओढतो. काय ओढतो हो! लहानपणी रहाटावर बसून रेडा हाकलाय ना, हात तयार आहे.”

पंक्ती हसली. मार्तंडही हसला.

कुमुद वाढत होती. तिने विश्वंभरच्या पानात आणखी एक मोदक ठेवला आणि वर तुपाची धार धरली. “घ्या ना भाऊजी. तुम्ही अगदीच कमी जेवता.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पानं उचलल्यावर तिने नवऱ्याला मागच्या पडवीत गाठलं. “तुम्ही का हसलात?”

“मग काय करू? पंक्तीतून उठू?”

“भाऊजींनी तुमच्या विरुद्ध मत दिलं?”

“विरुद्ध असं नाही. नियम मांडला. तो सगळ्यांनाच लागू.”

“त्यांना स्वतःला?”

“त्याला कसा लागू होईल? तो आधीपासून तिथे आहे.” मार्तंडने चूळ भरली. “सोड ना आता.”

तिने सोडलं नाही.

पौषात आप्पा गेले. आता घराण्यात वयाने थोरला विश्वंभर. म्हणजे सकाळचं पाणी अनुसूयाबाईंच्या वाडीला आणि दुपारनंतरचं मचूळ कुमुदच्या पोफळींना. रोपं एक उन्हाळासुद्धा काढणार नाहीत, हे रहाटावरच्या कोंडाजीनेही सांगितलं. “वयनी, ही न्हाय जगायची. माड लावा आता, दुसरा उपाय न्हाय.”

शिमगा झाला की ओटीवर बैठक बसायची आणि उन्हाळ्याच्या पाळ्या ठरायच्या. बोर्लीचे दाजीकाका मध्यस्थ. दोघे भाऊ रजा काढून आले होते. अनुसूयाबाई भिंतीशी वाती वळत बसल्या होत्या. कुमुद ताकाचे पेले घेऊन आली आणि माजघराच्या दारात थांबली.

“आप्पांच्या मागे विश्वंभर,” दाजीकाका म्हणाले. “यात बोलण्यासारखं काही नाही. तेव्हा—”

“दाजीकाका,” कुमुद म्हणाली, “भाऊजी आलेच आहेत, तर त्यांना एक विचारू का? आम्हा बायकांना विमानातलं काही कळत नाही. यांची खुर्ची बदलली ती यांच्या हातून काही चुकलं म्हणून का? गावात विचारतात, मला उत्तर देता येत नाही.”

“कुमुद, आत जा,” मार्तंड म्हणाला.

“अरे, विचारू दे रे!” विश्वंभर मांडी बदलून बसला. “चूक काही नाही गं. मार्तंडाचा हात उत्तम आहे. प्रश्न ज्येष्ठतेचा आहे.”

“पण हे तर आधी कॅप्टन होते.”

“होता ना, पण ते दुसऱ्या घरी. तुला समजेल असं सांगतो. बाहेरचा माणूस आपल्या घरात आला. असेल वयाने मोठा, असेल शहाणा. पण या घरात त्याचं वय तो आला त्या दिवसापासून मोजायचं. नाहीतर जन्मापासून जे इथे आहेत त्यांनी काय करायचं? उद्या कोणीही येईल आणि पहिल्या पाटावर बसेल!”

“आधीचं काहीच धरायचं नाही?”

“एक दिवससुद्धा नाही. समितीत मी हेच सांगितलं. सगळ्यांना पटलं.”

“दाजीकाका, तुम्हाला पटलं?”

“पटण्यासारखं आहे,” दाजीकाका ताकाचा घोट घेत म्हणाले. “न्यायाचं आहे.”

“मग भाऊजी म्हसळ्याहून या घरात आले ते मुंज झाल्यावर,” कुमुद म्हणाली. “आणि हे इथेच जन्मले.”

विश्वंभर दत्तक होता हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो आल्यापासून कोणी तो शब्द अनुसूयाबाईंसमोर काढला नव्हता. आप्पांचा तसा दंडक होता. आप्पा आता नव्हते. अनुसूयाबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

“हे वेगळं,” विश्वंभर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“कसं वेगळं, भाऊजी? सांगा ना. आम्हाला काही कळत नाही.”

दाजीकाकांनी पेला खाली ठेवला. “बोललास तूच, बाबा. मी ‘पटलं’ म्हणून बसलो. आता इथे एक न्याय आणि तिथे एक, असं मला नाही करता यायचं. सकाळ मार्तंडाची.”

मार्तंड उठून वाडीत निघून गेला. कुमुदने रिकामे पेले गोळा केले. विश्वंभरचा भरलेला होता. “ताक घ्या ना,” ती म्हणाली. “आंबट नाही.”

चैत्र निम्मा सरला आणि अनुसूयाबाईंच्या पोफळींची टोकं पिवळी पडू लागली. रोज सकाळी कोंडाजी कुमुदच्या पाटात पाणी सोडायचा आणि ती उभी राहून शेवटच्या रोपापर्यंत पोचलेलं बघायची. पूर्वी ती पाणी पुरलं की हात करायची आणि उरलेलं गोड पाणी अनुसूयाबाईंच्या पाटात जायचं. आता रेडा थकेपर्यंत रहाट चाले.

एक दिवस अनुसूयाबाई स्वतः आल्या. कुमुदच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी तिच्या उशाशी बसून दिवस काढले होते. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

“आठवड्यातनं एक सकाळ दे गं. मोठ्या झाडांचं राहू दे. लहान रोपं तेवढी वाचतील.”

“माझ्या हातात असतं तर रोज दिली असती, काकू. पण नियमाचं आहे ना. भाऊजींनाच विचारा, नियम मोडून चालतो का.”

“मी विश्वंभरसाठी नाही आले. माझी झाडं आहेत ती.”

“बसा ना काकू, चहा टाकते.”

अनुसूयाबाई चहाला थांबल्या नाहीत. त्या गेल्यावर कुमुदने घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी काढली आणि चिंच लावून घासली. तिला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

वैशाखात विश्वंभर एकटाच आला, शनिवारच्या बोटीने. ओटीवर न बसता तो सरळ विहिरीवर आला, कारण कुमुद तिथे होती.

“तू जिंकलीस,” तो म्हणाला. “आता ऐक. चार इंजिनांच्या विमानावर शिकायला पुढची तुकडी जाईल. त्यात बाहेरून आलेल्या दोघातिघांना खास बाब म्हणून घ्यावं, असं मी समितीत मांडू शकतो. माझा शब्द मोडणार नाहीत. मार्तंड सहा महिन्यांत वर येईल. तू सकाळची पाळी आईला दे.”

“सगळी?”

“एक दिवसाआड दे. आईला झोप नाही गं. ती रोज त्या रोपांवरून हात फिरवते.”

कुमुदने पदर खांद्यावर ओढून घेतला. मार्तंड परत डावीकडे बसेल. याच्या शब्दाने बसेल. आणि पुढच्या गणपतीला हाच माणूस मोदक फोडत सांगेल, मार्तंडाला वर कोणी आणलं ते. त्यावर पंक्ती हसेल आणि मार्तंडही हसेल.

“खास बाब कशाला, भाऊजी? तुमचा नियम चांगला आहे. आम्हाला पटलाय.”

“मार्तंडला विचार तरी.”

“बायकांनी नोकरीच्या गोष्टीत बोलू नये,” ती म्हणाली. “उन्हातनं आलात. शहाळं काढायला सांगू?”

तो वळून आईच्या वाडीकडे चालू लागला.

जूनच्या तोंडाशी मार्तंड घरी आला. जेवताना त्याने भाताकडे बघत विचारलं, “विश्वंभर येऊन गेला?”

“आले होते.”

“मला त्याने विमानात सांगितलं. वर गेल्यावर. इकडून तिकडे जाता येत नाही अशा जागी.” त्याने भात बाजूला सारला. “तू मला विचारलं असतंस तर?”

“तर तुम्ही ‘हो’ म्हणाला असता.”

“हो.”

“म्हणून विचारलं नाही.”

“खुर्ची माझी होती, कुमुद.”

“आणि हसले ते सगळे कोणाला? मला नाही हसले?”

त्याने हात धुतला. भात तसाच राहिला. त्यानंतर तो सुटीत आला तरी घरात विमानाचं नाव काढीनासा झाला. वाडीचं, मुलांच्या शाळेचं बोलायचा. काही विचारलं तर “चाललंय” म्हणायचा. कुमुदने एकदोनदा आडून विचारून पाहिलं. मग तिनेही सोडून दिलं.

अनुसूयाबाईंच्या पोफळी दोन वर्षांत गेल्या. तिथे माड लागले. कुमुदच्या पोफळी मात्र सरळसोट वाढल्या. श्रीवर्धनचे व्यापारी तिची सुपारी आधी बघायला येत आणि ती त्यांना मुद्दाम काकूंच्या कुंपणाकडच्या बाजूने वाडीत नेई.

सत्तावन्न सालच्या चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवशी, विधवेला बोलावणं नसतानाही, अनुसूयाबाई तिच्या पायऱ्या चढून आल्या. पाण्याची एक सकाळ मागायला आल्या होत्या त्यानंतर प्रथमच. पार वाकल्या होत्या. ओटीवर गावातल्या दहाबारा बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून.

“कुमुद, अभिनंदन करायला आले गं.”

“कसलं, काकू?”

“मार्तंड परत कॅप्टन झाला ना! दिवाळीपासूनच झालाय म्हणे. विश्वंभर परवा बोलता बोलता म्हणाला.” त्यांनी मान वर करून कुमुदच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. “तुला ठाऊक असेलच.”

मार्तंड दिवाळीनंतर दोनदा घरी येऊन गेला होता. माघात तर आठवडाभर राहिला होता. कुंपण बांधलं, धाकट्याला पोहायला शिकवलं.

बायका कुमुदकडे बघत होत्या.

“ठाऊक आहे की,” कुमुद म्हणाली. “दिवाळीतच सांगितलं त्यांनी. मीच म्हटलं, आपण होऊन कशाला गाजावाजा.”

“हो ना,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “नवरा आधी बायकोलाच सांगणार.”

कुमुद आत गेली. साखरेचा डबा काढला. ती बाहेर आली, पदर नीट केला आणि चिमूटभर साखर म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

“तोंड गोड करा, काकू.”

अनुसूयाबाईंनी साखर तोंडात टाकली. बोळक्या तोंडाने ती सावकाश चघळली, अगदी संपेपर्यंत, आणि तेवढा वेळ कुमुदच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.