बिनआगीची चूल

दुःखाच्या घरी आमच्या फुईच्या आधी पोचलेलं माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचं नाही. फुई म्हणजे माझी धुळ्याची आत्या. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. लग्नाला ती हमखास उशिरा जाते, पहिली पंगत उठल्यावर उगवते आणि वर वरण पातळ होतं म्हणून नावं ठेवते. पण कुणी गेलं म्हटलं, की घरातल्यांचं रडं नीट सुरू व्हायच्या आत ही पिठल्याचं पातेलं घेऊन दारात हजर. मयताच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून आलेल्या भाकरीवरच त्या माणसांनी दोन घास खायचे, ही आमच्याकडची रीत. ती फुईनं जणू स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. कोण तिखट खातं, कुणाला भाकरीचा नुसता पापुद्रा लागतो, कोण दुःखातही लसणाची चटणी मागेल, सगळं तिला तोंडपाठ. समजूत वगैरे ती काढत नाही. समोर ताट ठेवते आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत ढिम्म हलत नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे फुवा, म्हणतात, मी मेल्याचं काही नाही, हिचं त्या दिवशीचं पिठलं तेवढं मला मिळायचं नाही.

दुसऱ्याचं ऐकून वागणं हा प्रकार तिला ठाऊक नाही. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं, त्याच आठवड्यात तिनं गच्चीवर पापड वाळत घालायला काढले. रस्ता विचारते आणि सांगणाऱ्याच्या बरोबर उलट जाते. एकदा अशीच बाजारातून घरी यायला निघाली ती भलत्याच वस्तीत पोचली, तिथं एका जुन्या ओळखीच्या बाईकडे पोटभर जेवली आणि रस्ता बरोबरच होता असं सांगत संध्याकाळी परत आली.

अशा बाईला पुण्याच्या मुलानं एअर फ्रायर पाठवला. आई तळलेलं कमी खाईल, ही त्याची भाबडी आशा. फुईनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि पहिल्याच दिवशी आत बिबडी, म्हणजे आपला ज्वारीचा पापड, टाकली. आतल्या पंख्यानं बिबडी उडाली, वरच्या तापल्या तारेला चिकटली आणि असा धूर झाला की शेजारीण धावत आली. फुईनं तिला शांतपणे सांगितलं, यात असंच होतं. मग भरताची वांगी झाली. कपाशीच्या काड्यांवर न भाजलेलं वांगं मी भरीत म्हणून खाणार नाही, असं जाहीर करून फुवा त्या दिवशी दह्याशी भाकरी खाऊन उठले.

माझी बायको मात्र तिची फार लाडकी. आम्ही राहतो जळगावला, त्यामुळे दोघींचं सगळं व्हिडिओ कॉलवर चालायचं. बायको आमच्या मुलीसाठी एअर फ्रायरमध्ये मिनी पिझ्झे करायची. पाव मधोमध कापायचे, लाल मिरचीचा ठेचा घालून आटवलेला टोमॅटो लावायचा, वर चीज. ते जरा वितळलं की भांडं बाहेर ओढून मग कांदा. आधी घातला तर उडतो आणि करपतो. हे तिनं फुईला कितीदा शिकवलं असेल! फुईनं पावाच्या जागी पुरीएवढ्या कळण्याच्या भाकऱ्या केल्या, ज्वारी-उडदाच्या. कांदा तिनं आधीच घातला. चीज उडू नये म्हणून विड्याला टोचतात तशी त्यात लवंग टोचली. पहिल्याच घासाला फुवा कळवळले, तर फुई म्हणते, लवंग दाताला चांगली असते. बायको फोनवर हसून हसून बेजार झाली होती.

मग बायको गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेली ती घरी आलीच नाही. मुलगी तेव्हा पाचवीत होती. ती रडली नाही, बोलली नाही आणि पाण्याशिवाय तिनं कशाला तोंड लावलं नाही. मावशीनं दूधभात भरवून पाहिला, शेजारणींनी नाना परीनं समजावलं. ही ओठ मिटून भिंतीकडे बघत बसायची. असंच राहिलं तर सलाइन लावावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पोरीच्या काळजीनं मला बायकोसाठी धड रडताही येईना.

फुई पहिल्या दिवशी पिठलं घेऊन आली होतीच. मुलीसमोर ताट ठेवून बसली. कितीतरी वेळ बसली, आणि तिच्या हयातीत पहिल्यांदा ते ताट जसंच्या तसं उचलावं लागलं. उठली आणि न सांगता धुळ्याच्या गाडीत बसून निघून गेली. मला तिचा रागच आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा दारात उभी होती, कडेवर पोर घ्यावं तसा गोधडीत गुंडाळलेला एअर फ्रायर घेऊन. एसटीत तिनं तो खाली ठेवूच दिला नव्हता म्हणे.

ओसरीवर बसलेले आमचे चुलत आबा कडाडले. सुतकाच्या घरात रांधायचं नाही, तळण तर नाहीच नाही, एवढी जाणती बाई तू आणि तुला कळत नाही का, असं बरंच बोलले. चार माणसांनी माना डोलावल्या. ज्या रितीसाठी फुई जन्मभर गावोगाव पातेली घेऊन फिरली, तीच रीत तिला ऐकवली जात होती. तिनं पदर खोचला, फ्रायरचं भांडं ओढून आबांच्या पुढ्यात धरलं.

"माले आग दखाडा, आबा. तेल दखाडा. कोठे शे?"

आबांनी खरोखरच आत वाकून पाहिलं. आग नव्हती. भाकऱ्या धुळ्याहून भाजून आणलेल्या, म्हणजे त्याही बाहेरच्या. आबा तंबाखू मळायला लागले.

फुईनं यंत्र मुलीच्या अगदी समोर, जमिनीवर मांडलं. भाकरीवर टोमॅटो लावला, चीज ठेवलं, लवंग टोचली आणि कांद्याची मूठ भरून वर पसरली. मुलगी बघत होती. भांडं आत जाणार एवढ्यात तिचा आवाज आला, बसलेला, खरखरीत.

"आई कांदा नंतर घालायची."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर फुईनं कांदा दुप्पट केला असता. ती नुसती बाजूला सरकली. "मंग तूच कर, माय. माले येत नही."

मुलीनं एकेक पाकळी कांदा वेचून काढला, लवंगा उपटल्या, चीज वितळेपर्यंत थांबली आणि मग कांदा पसरला. पहिला पिझ्झा तिनं तसाच गरम गरम खाल्ला. दुसरा हातात घेतला आणि हंबरडा फोडला. फुईनं तिला मांडीवर घेतलं, आणि रडता रडता एकेक घास तिच्या पोटात जात राहिला. मीही तिथंच भिंतीला टेकून रडलो, पहिल्यांदाच.

आता फुईच्या गुडघ्यांनी जळगावचा रस्ता बंद केला आहे. दर रविवारी मुलगी तिला व्हिडिओ कॉल लावते आणि दोघी आपापल्या घरी पिझ्झे करतात. फुई अजूनही दर वेळी कांदा आधी घालते. मुद्दाम घालते का, हे विचारायचा मला धीर होत नाही. एरवी आम्ही बापलेक 'आई' हा शब्द जपून टाळतो, कारण तो उच्चारला की दोघांनाही पुढचं बोलता येत नाही. रविवारी मात्र ती फोनवर फुईला चांगली रागावते, आणि आमच्या स्वयंपाकघरातून मोठ्यानं ऐकू येतं, "अगं, आई असं नव्हती करत." हातातलं काम तसंच टाकून मी दारात जाऊन उभा राहतो.