आंबोणाच्या बाटल्या

माझ्या थोरल्या दिराला मी एकदा दांडक्याने खांद्यावर हाणलंय. लिहिताना 'त्यांना' म्हणायला हवं, पण माझ्याच्याने होत नाही. तोंडावर भावोजी म्हणते, मनात तो.

भांडण होतं कोंबड्यांच्या खाण्यावरून. बोरीवलीच्या आमच्या गावठाणात दोन्ही भावांची घरं एका भिंतीने जोडलेली आणि मागचं परसू एकच. तिथे माझं गावठी कोंबड्यांचं खुराडं आहे. नवरा जहाजावर, मूलबाळ झालं नाही. सकाळी दार उघडलं की माझ्याकडे धावत येणारं त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नाही. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. त्यांना मी कोरडे दाणे घालत नाही. तांदळाची कणी, बाजरी, भरडलेला मका बादलीत भिजत घालते, वर चार बोटं पाणी ठेवते, फडकं बांधते आणि रोज दांडक्याने ढवळते. दोन-तीन दिवसांत बुडबुडे यायला लागतात, आंबोळीच्या पिठासारखा वास सुटतो. हे खाणं कोंबड्यांच्या अंगी लागतं, सांडलवंड कमी होते आणि अंड्याचा बलक केशरी होतो. माहेरी मुलुंडला आई म्हशींसाठी असंच भिजवायची, त्याला आंबोण म्हणायची. तोच शब्द मी उचलला.

दिराला तो वास खपेना. "हे घर आहे की हातभट्टी?" म्हणत एका सकाळी त्याने अख्खी बादली गटारात ओतली. मी दांडकं उचललं आणि हाणलं. त्याने माझी मान धरून मला खुराड्याच्या जाळीवर दाबलं, गालावर चौकोन उमटेपर्यंत. मग तरातरा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाकडे गेला आणि चार माणसांदेखत बोलला, "परत ह्या कोंबड्यांवरून लफडं झालं, तर सगळ्या कापीन." आमच्या ख्रिस्ती गावठाणातला माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण क्रुसासमोर बोललेलं मोडणार नाही.

त्याचा हात कसा उठतो ते मला ठाऊक होतं. जावेला बसणारे फटके भिंतीतून ऐकू यायचे. मी मुसळ घेऊन भिंतीवर दणादण ठोकायची, तेव्हा कुठे तो थांबायचा. दुसऱ्या दिवशी जाऊ सुजलेलं तोंड घेऊन नळावर यायची आणि मलाच विचारायची, "झोप लागली का गं?" तिच्या त्या सोसण्याचा मला भयंकर संताप यायचा.

मे महिन्यात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मला मुलुंडला जावंच लागलं. जाऊ म्हणाली, "तू जा बिनधास्त. कोंबड्यांचं मी बघते ना. आणि ह्यांना वास पण येऊ देत नाही."

मे म्हणजे आमच्याकडे वर्षाचा मसाला कुटायचे दिवस. तो बिअरच्या काळ्या बाटल्यांत काठीने ठासून ठासून भरायचा आणि वर बूच गच्च मारायचं. आत हवा राहिली की मसाला गेला. या कामात जावेचा हात धरेल अशी बाई गावठाणात नाही. तिने माझं बुडबुडणारं आंबोण तसंच बाटल्यांत ठासलं, बुचं मारली, वास निसटू नये म्हणून वरून तार आवळली आणि बाटल्या खुराड्याला टेकवून ओळीने उभ्या केल्या. मसाला गप्प बसतो, पण आंबणारं धान्य वारा सोडत राहतं, ते कोंडून ठेवता येत नाही. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी परतले ती भर दुपारी. परसात पाय टाकला आणि पहिली बाटली सुतळी बॉम्बसारखी फुटली. तिच्या धक्क्याने शेजारची, मग पुढची. जाऊ तिथेच वाकून पाणी ठेवत होती. ती गाल दाबत धुण्याच्या दगडावर बसली. बोटांमधून रक्त मनगटावर आणि मनगटावरून मांडीवर गळत होतं. जाळीतून काचा आत गेल्या होत्या आणि तांबड्या कोंबडीची पाठ फाटली होती. कोंबड्यांना रक्त दिसलं की त्या पिसाळतात. ज्यांना मी लेकरं म्हणायची, त्याच तिच्या उघड्या पाठीत चोची खुपसून मांस ओढायला लागल्या. ती जिवंत होती, किंचाळत होती.

दीर बाहेर आला. बायकोकडे एकदा बघितलं, आत गेला आणि नारळाचा कोयता घेऊन आला. "बोललो होतो ना? आज एक पण ठेवत नाही!"

मी खुराड्याच्या दाराला पाठ लावली. "आधी तिला डॉक्टरकडे ने, राक्षसा!" भावोजी, तुम्ही, सगळं गळून पडलं. त्याने माझे केस धरले. मी त्याच्या कोयत्याच्या हाताला मनगटावर चावले आणि तोंड खारट झालं तरी सोडलं नाही. मग त्याने बरगडीत गुडघा घातला आणि मी काचांत पडले. त्याने खुराड्याची कडी काढली.

"बाटल्या मी भरल्या." जाऊ उठली होती. कानापासून ओठापर्यंत गाल चिरलेला, शब्द धड फुटत नव्हते. "कोंबड्यांनी नाही. कापायचं तर मला कापा."

त्याने तिच्या त्याच गालावर थोबाडीत दिली. मी डोळे मिटले. उघडले तर ती उभीच होती. पुढे होऊन तिने त्याच्या मुठीतून कोयता काढून घेतला. चावलेल्या हातात जोर उरला नसावा, किंवा त्याचा विश्वासच बसला नसावा. ती खुराड्यात शिरली, बाकीच्यांना लाथेने उडवलं, तांबडीला बाहेर आणलं, मान दगडावर धरली आणि एका घावात तिला सोडवलं. मग ती मुंडकं नसलेली, पाय झाडणारी कोंबडी तिने त्याच्या छातीवर दाबली. त्याचा बनियान लाल झाला.

"घ्या. क्रुसाला सांगा, कापली म्हणून. बाकीच्यांना हात लावलात तर ह्याच दगडावर..." वाक्य तिने पुरं केलं नाही.

कुंपणाशी माणसं जमली होती. मी तिला रिक्षात घातलं. कोयता तिच्या हातात तसाच आहे हे रिक्षावाला ओरडला तेव्हा कळलं. डॉक्टरने टाके घातले. माझ्या बाकीच्या कोंबड्या वाचल्या. मला त्यांच्याकडे दोन दिवस बघवलं नाही, इतका राग आला होता, पण वाचल्या.

दुसऱ्या दिवशी तिने तांबडीचा रस्सा केला आणि मलाही जेवायला बोलावलं. दीर पानावर बसला, पण घास उचलेना. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. टाके ताणत होते, तरी दुसऱ्या बाजूने चावत, एकेक हाड चोखत, त्याच्याकडे बघत ती जेवली. मग चोखलेली हाडं त्याच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "जेवा."