मंदा वळली

"वळली! बघा, बघा, वळली!"

कल्याणला अपंगांच्या सरकारी मदतीच्या फेरतपासणीचं शिबिर होतं, आणि नावं पुकारण्यासाठी ठेवलेला माईक साहेबांच्या टेबलावर चालूच होता. त्यामुळे साहेबांचे हे शब्द सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेले. लोक हसले. शेवटच्या रांगेत कुबड्या मांडीवर घेऊन बसलेले दोघे होते, तेही हसले.

मंचावर मधोमध खुर्चीत माझी मोठी बहीण बसली होती. मंदा. जन्मापासून बहिरी. तिच्या पाठीमागे जाऊन शिपायाने फायलींचा गठ्ठा खांद्याच्या उंचीवरून खाली टाकला होता. ती वळली. मग सगळे हसताहेत हे तिने पाहिलं आणि तीही हसली. काय चाललंय ते कळलं नाही की ती अशीच हसायची, सगळ्यांच्या बरोबरीने, मागे राहू नये म्हणून.

मी त्या वेळी मंचाच्या पायरीवर होते. हातात तिची पिशवी आणि तिच्या चपला.

चपला, कारण आई. घरून निघताना आईने मंदाला खुणेने बजावलं होतं. साहेबासमोर जायचं तर पाय मोकळे पाहिजेत, जसं देवासमोर. मंदाने पायरीशीच चपला काढल्या आणि मंचावर अनवाणी गेली. मंच लाकडी होता.

आमचं घर ठाकुर्लीला, खाडीच्या अंगाला. आम्ही कोळी. बाबांची लहान होडी होती. मंदा लहान असताना ते तिला होडीत घेऊन जायचे आणि तिने आपल्याकडे बघावं म्हणून टाचेने फळीवर ठोका द्यायचे. तो ठोका तिच्या तळव्यांत पोचायचा. ती बघायची. तोंडाने हाक मारून उपयोग नाही हे आई रडून समजली, बाबांना ते होडीत समजलं. पुढे घरातही तेच सुरू झालं. आमचा वरचा माळा जुन्या सागवानी फळ्यांचा. एकदा पाय आपटला की इकडे बघ. दोनदा आपटला की जेवायला चल. बाबांचा पाय जड, आईचा हलका, माझा धांदरट. कोण बोलावतंय ते तिला वळायच्या आधी कळायचं. बाजारात ती आईशेजारी बसून मासे साफ करायची, तिथेही आई पाटाच्या फळीवर मूठ मारून तिला बोलवायची. आमच्या घरात मंदा हे नाव कागदापुरतं होतं. तिचं खरं नाव म्हणजे फळ्यांतून येणारा तो ठोका.

हे सगळं मी साहेबांना सांगायला गेले. मंचावर चढून, हात जोडून.

"साहेब, तिला ऐकू नाही आलं. तिला फळ्यांतून कळलं. पायांतून."

"पायांनी ऐकते?" साहेबांनी चष्मा वर केला. "मग इथे कशाला आणली? सर्कशीत पाठवा."

पुन्हा हशा.

"ठाण्याच्या सरकारी रुग्णालयाचा दाखला आहे, साहेब. मशीन लावून तपासलंय."

"ते दाखले कसे मिळतात ते मला शिकवू नका. इथे जनतेचा पैसा आहे. निम्मे बोगस आहेत तुमच्यात." मग शिपायाकडे बघून, "पुढचा."

तुमच्यात. हा शब्द मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. तो बहिऱ्यांसाठी होता, की कोळ्यांसाठी, की हात जोडून उभ्या राहणाऱ्या सगळ्यांसाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंदाच्या कागदावर शेरा पडला. ऐकू येते, सबब लाभ बंद.

ती मदत मोठी नव्हती. पण मंदाच्या स्वतःच्या नावाने जगात काही येत असेल तर तेवढंच. बँकेत ती स्वतः जायची, रांगेत उभी राहायची, केसांत फूल माळून. परत येताना आईसाठी पान आणि माझ्यासाठी खाकी कागद. मी डोंबिवलीत वाचनालयात काम करते. पुस्तकांना कव्हरं घालताना मी तिला दिसले होते, तेव्हापासून ती दर महिन्याला खाकी कागद आणायची. वाचनालयाला कागद मिळतो हे मी तिला कधी सांगितलं नाही. मदत बंद झाल्यावरही तिने त्या तारखेला फूल माळलं, आणि आईने ते काढून ठेवलं.

सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज भरून देणारे एक काका होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नवा अर्ज भरून दिला आणि म्हणाले, "पुढच्या शिबिरात चपला घालून बसवा तिला. आणि ताई, घरी सराव करून घ्या. पाठीमागे काही पडलं तरी वळायचं नाही. चार जणांचं असंच काम झालंय."

बहिऱ्या बाईला बहिरं दिसायला शिकवायचं. मी ते ऐकून घरी आले आणि आईला सांगितलं. आई बराच वेळ मासळीची टोपली धूत राहिली. मग म्हणाली, "शिकंल ती. हुशार हाय माजी पोर."

माळ्यावर सराव सुरू झाला. मंदा भिंतीकडे तोंड करून बसायची. आई पाठीमागे उभी राहून पाय आपटायची. मंदा वळायची. आई मान हलवून नाही म्हणायची. मंदाला आधी तो खेळ वाटला. ती मुद्दाम वळायची आणि खुदकन हसायची. मग आईने तिला समजावलं. डोळ्यांभोवती बोटांचा चष्मा केला, म्हणजे साहेब. हाताने गठ्ठा टाकला. मान वळवली. आणि रिकामी ओंजळ दाखवली.

मंदाला समजलं. मंचावर लोक का हसले होते ते तिला त्या क्षणी समजलं. तिचा चेहरा मी पाहिला. तो मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर ती एकदाही वळली नाही. आई पाय आपटायची, मंदाची पाठ ताठ व्हायची, बोटं पदर धरायची, पण मान हलायची नाही. आई म्हणायची, "झाला गो बाय, झाला," आणि पुढे येऊन तिचा चेहरा हातात घ्यायची.

पुढच्या शिबिरात गठ्ठा पडला. मंदा समोर बघत राहिली. साहेबांनी शिपायाला पुन्हा टाकायला लावला. मंदा समोर बघत राहिली. "हं, ही खरी दिसते," साहेब म्हणाले. तेच साहेब, तीच बाई. मागचा शेरा कोणी वाचला नाही. मदत चालू झाली.

घरी आल्यावर आईने खीर केली. माळ्यावर जाऊन दोनदा पाय आपटला. जेवायला चल.

मंदा वळली नाही.

आधी आम्हाला वाटलं, गंमत करते आहे. गंमत नव्हती. पाय आपटला की तिची पाठ ताठ व्हायची, मग ती दाराकडे बघायची. कोणी आलंय का, कोणी बघतंय का. कोणी नाही याची खात्री झाली की हळूच आमच्याकडे. पुढे पुढे तेवढंही नाही. आम्ही खांद्याला हात लावून बोलवू लागलो, तर ती दचकायची. मग तिने भिंतीला पाठ लावूनच बसायला सुरुवात केली. मासे साफ करतानाही पाठीमागे भिंत पाहिजे. बाजारातली तिची जागा त्यामुळे बदलावी लागली. आई फळीवर मूठ मारायची आणि मग आठवून हात मागे घ्यायची.

मदत दर महिन्याला येत होती. खाकी कागदही येत होता.

मागच्या वर्षी तिला कावीळ झाली. उशिरा कळलं, वाढत गेली. एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन माळ्यावर गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खांद्याला हात लावला. ती दचकली नाही.

शेजारचे पुरुष तिला खाली न्यायला आले. आईने त्यांना जिन्यातच थांबवलं. पदर खोचला, मंदाच्या पाठीशी उभी राहिली आणि पाय आपटला. सगळा माळा हादरला. पुन्हा आपटला.

"वल गो बाय," आई म्हणाली. "वल आता. कोनी बगत नाय."

मृत्यूचा दाखला द्यायला मी कल्याणला गेले. लाभार्थी मेला की कळवावं लागतं, म्हणजे पैसा वाया जात नाही. त्या दिवशी नेमकं शिबिर होतं. तेच सभागृह. खिडकीकडे जाताना माझी नजर मंचाच्या पायरीवर गेली.

पायरीशी एक जोड चपला होत्या. झिजलेल्या, नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या.

वर खुर्चीत तिशीतला एक माणूस अनवाणी बसला होता. त्याची बायको खाली पायरीशी उभी होती. शिपाई गठ्ठा उचलून त्याच्या पाठीमागे निघाला होता.

मी त्या चपला उचलल्या. मंचावर चढले. त्या माणसाच्या पायांपुढे ठेवल्या आणि त्याच्या खुर्चीमागे, जिथे गठ्ठा पडणार होता तिथे, उभी राहिले.

"ओ बाई, तुमचा नंबर आहे का?" साहेब म्हणाले. माईक चालू होता.

"नाही. माझी बहीण वारली. तिचा दाखला द्यायला आले."

"मग खाली द्या ना खिडकीत. चला, उतरा."

"आधी गठ्ठा खाली ठेवा. टाकायचा असेल तर माझ्या पायांवर टाका."

"आम्ही आमचं काम करतोय. बोगस लोक सरकारचा पैसा खातात, तो तुमच्याच खिशातला असतो."

"यांच्याकडे सरकारी रुग्णालयाचा दाखला आहे. शिक्का तुमच्याच सरकारचा. विश्वास नसेल तर परत तिकडे तपासायला पाठवा. गठ्ठा टाकून बहिरेपण बघायचं हे कुठल्या नियमात आहे, तेवढं लिहून द्या. सहीनिशी."

कोणी हसलं नाही. साहेबांनी माईकवर तळवा ठेवला.

"शिकलेल्या दिसता."

"हो," मी म्हटलं. हात जोडलेले नव्हते. ते माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

साहेबांनी त्या माणसाचा कागद बाजूला सारला. "यांचं मागाहून बघू. पुढचा."

खाली उतरल्यावर त्याच्या बायकोने मला गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"काय केलंत ओ ताई? तुमचं भाषण झालं, आमचं काम राहिलं ना. आजच झालं असतं. तो वळलाच नसता." मग आवाज उतरवून म्हणाली, "आम्ही घरी सराव केलेला."

तिच्या नवऱ्याने चपला घातल्या होत्या आणि तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

म्हणजे असा माळा आमचा एकट्याचा नाही. किती घरांत आया आणि बायका पाठीमागे उभ्या राहून शिकवताहेत, वळू नको. आपल्या माणसाची हाक लागली तरी वळू नको.

त्या दोघांचं काम अजून झालेलं नाही. मी वाचनालयातून सुट्टी काढून त्यांच्याबरोबर कचेरीत जाते. बायको माझ्याशी धड बोलत नाही. तिचा राग बरोबर आहे. नियम मी लेखी मागितला आहे, पुन्हा मागणार आहे. उत्तर आलेलं नाही.

पुढचं शिबिर लागेल तेव्हा मी मंचाच्या पायरीशी उभी असेन. एकालाही चपला काढू देणार नाही. गठ्ठा उचलला गेला की वर जाईन. उतरवतील, तर पुन्हा चढेन.

आमचं माणूस तुमच्या गठ्ठ्याच्या परीक्षेला बसणार नाही. आणि तुमच्या भीतीने, घरी, आईने पाय आपटला तरी न वळायला यापुढे कोणी शिकणार नाही.