गालावरची रेघ

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला, सकाळी अकराच्या सुमारास, चाकणजवळच्या एका घरात मी सांगितलं की त्यांचं ग्रीक नाणं अस्सल आहे. ज्याला ते सांगायला हवं होतं, तो माणूस वारून दोन वर्षं झाली होती.

तो कंपनीत पत्रा दाबायच्या डाय बनवायचा. शेतात गोदामाचा पाया खणताना चांदीचं नाणं सापडलं, असं त्याचं म्हणणं. थोरला भाऊ म्हणे, यानंच कंपनीत पाडलं. निकाल लावायला दोघं आकुर्डीला माझ्याकडे आले. जुन्या नाण्यांवर मी वर्तमानपत्रात लिहीत असे.

मोबाइलवरचा फोटो बघून मी म्हणालो, “नकली. अस्सल नाणं ठशानं पाडतात, हे ओतीव आहे. राजाच्या गालावरची ही उठलेली रेघ साच्याच्या जोडाची.”

“जोड न्हाई साहेब. डायला तडा गेला की मालावर अशीच रेघ उठती. आमी रोज बघतो.”

थोरला हसला. “घ्या! डाय कुणाची, ते बी सांग की आता!”

मी नाणं आणायला सांगितलं नाही.

पुढे गावात त्याला ‘राजे’ म्हणून चिडवत. वर्षभरात तो हृदयविकारानं गेला.

नंतर एका संग्रहालयाच्या सूचीत मला त्याच ग्रीक राजाचं नाणं दिसलं. तेच शिरस्त्राण, तीच अक्षरं, गालावर तीच रेघ, फक्त आखूड. ठसा, म्हणजे तो म्हणायचा ती डाय, वापरात राहिला की तडा वाढतो. याचं नाणं त्याच ठशाचं, नंतर पाडलेलं; नक्कल असती तर रेघ तेवढीच आली असती.

खात्रीसाठी मी त्याच्या घरी गेलो. तिकडे वारलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. बायकोनं नवा टाक केला नव्हता. नाणंच बसवलं होतं. दर सणाला राखेनं घासून राजाचं नाक गेलं होतं, अक्षरं पुसट झाली होती. वजन अडीच ग्रॅमला थोडं कमी, अशा अस्सल नाण्याचं असतं तेवढंच. भिंगाखाली रेघ शाबूत होती.

“घासताना त्यांचा गाल लागतो हाताला,” ती म्हणाली. “खोटं बोलले व्हते का ते?”

“नाही. चूक माझी होती.”

“मला नगा सांगू. त्यांना सांगा.”

मी देव्हाऱ्यासमोर बसून तेच पुन्हा सांगितलं. थोरला भाऊ दाराबाहेर उभा होता. त्यानं चपला काढल्या. तो आत आला नाही.