सावलीत वाळवलेली वडी

कोणतीही वस्तू समोर आली की ते तिला अंगठ्याचे नख लावून पाहत. पेरू असो, नुकताच चुना दिलेली भिंत असो, की नकाशावरची शाई असो; नख टेकवायचे, मान हलवायची आणि म्हणायचे, "अजून कच्चं आहे, साहेब." कचेरीत त्यांची नक्कल सगळे करीत. मी करीत नसे. मी त्यांचा वरिष्ठ होतो, आणि वरिष्ठाने नक्कल करू नये असे माझे मत होते. आजही आहे.

सत्तर सालाच्या आसपास नागपुरातल्या एका सरकारी मोजणी कचेरीचा मी प्रमुख होतो आणि ते तिथे मोजणीदार होते. स्वस्थ बसणे त्यांच्या शरीरात नव्हते. खुर्चीवर ते टेकत, बसत नसत. एक पाय कायम दाराकडे. चहा उभ्याने घेत. फाईल चालत चालत वाचत. जीप थांबण्याआधी उतरत, आणि त्याबद्दल मी त्यांना किती वेळा रागावलो याची गणती नाही. अशी माणसे आपणही पाहिली असतील. आपण कुठे निघालो आहोत हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. मात्र एकदा मोजणीची लोखंडी साखळी हातात आली की तोच मनुष्य असा निवांत होई की शेजारच्या बाभळीवरचा पक्षीही उडत नसे. त्यांची मोजणी पुन्हा करण्याची वेळ माझ्या कारकिर्दीत आली नाही.

अशा माणसाने दाढीच्या साबणाची वडी करण्याचे काम अंगावर घेतले होते, हे नवल होते. ते काम केवळ वाट पाहण्याचे होते.

बाजारातल्या साबणाच्या वडीने त्यांच्या गळ्यावर पुरळ उठे. एक क्रीम तेवढे मानवे. पण ते ट्यूबमध्ये मिळे, आणि ट्यूबवर त्यांचा विश्वास नव्हता. का नव्हता ते पुढे येईल. म्हणून ते तीन-चार ट्यूबा ॲल्युमिनियमच्या ताटलीत पिळत, सुरीने सारख्या पसरत, वर मलमलीचा तुकडा बांधत आणि ताटली नकाशांच्या खोलीत सर्वांत उंच रॅकवर ठेवत. उन्हात कधीच नाही. पहिल्या वर्षी त्यांनी ती गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवली होती. दोन तासांत वर कडक पापुद्रा आला, आत लापशी राहिली आणि संध्याकाळी सगळे भेगाळले. तेव्हापासून सावली. रोज एकदा सुरीने खालचे वर करायचे. बारा-पंधरा दिवसांनी निम्मे उरले की गोल पत्र्याच्या डबीत दाबून भरायचे आणि आणखी आठवडाभर ठेवायचे. पावसाळ्यात हवा ओली असली की नकाशे गिरवण्याच्या काचेच्या टेबलाखाली, दिव्यापासून वीतभर अंतरावर. सरकारी विजेचा हा उपयोग मला दिसत होता. मी तो पाहिला नाही.

पण वाट त्यांना पाहवत नसे. दर तासाला स्टुलावर चढत, मलमल उचलत, नख लावत. प्रत्येक ताटलीवर शेवटी इतक्या चंद्रकोरी उमटलेल्या असत की त्या घासून काढायला आणखी एक दिवस जाई.

मौद्याहून नवा आलेला एक कारकून होता. मलमलीत बांधलेले पांढरे, घट्ट काहीतरी पाहून त्याला तो श्रीखंडाचा चक्का वाटला. साहेबांसाठी कोणी आणला असावा, अशा समजुतीने त्याने बोटभर चाखला. दुपारभर तो बिचारा चुळा भरत होता आणि प्रत्येक चुळीला फेस येत होता. मोजणीदारांनी त्याला पाणी आणून दिले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गंभीरपणे विचारले, "चव पाह्यली ना गा? सांग बरं, किती दिवसाची कच्ची आहे?"

त्यांचा चेहरा रोज सकाळी गुळगुळीत असे. मला ते आवडे, कारण माझा तसा दंडकच होता: दाढी वाढलेल्या माणसाने साखळी धरायची नाही. दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना मध्ये उभा राहणारा माणूस आधी चेहऱ्याने ओळखला जातो. हा दंडक त्यांनी कधी मोडला नाही. एकदाच मोडला. तोच प्रसंग सांगायचा आहे.

त्याआधी एक गोष्ट. भिवापूरच्या दौऱ्यात एका पहाटे ते विहिरीवर दाढी करीत होते. मी सहज म्हणालो की तुमचा हात चांगला बसलेला आहे. ते म्हणाले, "बापाचा पाहून शिकलो, साहेब. माह्या बापाची दाढी काका करे, अन् काकाची बाप. न्हाव्याचं काम नव्हतं आमच्या घरी." मी ते काटकसरीचे उदाहरण म्हणून ऐकले. पुढे त्यांनी सांगितले की त्यांची स्वतःची पहिली दाढी बापाने केली, छप्पन सालच्या ऑक्टोबरात, दीक्षेच्या सकाळी. सगळे घर पांढऱ्या कपड्यांत निघाले होते. ओठांवर लव होती तेवढीच, पण बाप म्हणाला की आज तोंड स्वच्छ पाहिजे. मी मान डोलावली आणि जीप काढायला सांगितले. ऐकणे आणि कळणे यांत अंतर असते. ते मला मोजता आले नाही.

कुहीच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथे दोन चुलतभावांची हद्द मोजायची होती. सकाळी मोजणीदारांनी आपली पत्र्याची पेटी उघडली, तर दाढीची ट्यूब साखळीखाली चिरडून फुटली होती. क्रीम उन्हाळ्याने पातळ होऊन साखळीच्या कड्यांत गेले होते. तेव्हा ते वडी करीत नसत, ट्यूबच बाळगीत. चेहऱ्यावर दोन दिवसांचे खुंट होते. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "गावात न्हावी आहे. जाऊन या. अर्ध्या तासात."

ते हलले नाहीत. पायाच्या बोटांवर उभे राहत होते, टाचांवर येत होते. काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले होते. मी पुन्हा घड्याळ पाहिले. ते गेले.

दहा मिनिटांत परत आले. म्हणाले, "दुकान बंद आहे, साहेब."

गावकरी जमले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो की सरकारी माणसाला एक न्हावी सापडत नसेल, तर त्याला हद्द काय सापडणार. कोणीतरी हसले. साखळी मी दुसऱ्या, नवशिक्या मोजणीदाराकडे दिली आणि यांना चिंचेखाली बसायला सांगितले. ते बसले नाहीत. दिवसभर बांधाच्या कडेने, साखळीला समांतर, पावले मोजत फिरत राहिले. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन एवढेच म्हणाले, "उत्तरेकडून दोन कड्या कमी भरून राहिल्या, साहेब." नवशिक्याचे माप खरोखरच चुकले होते. दुसऱ्या दिवशी मोजणी यांनीच केली. कपड्याच्या साबणाने दाढी करून आले होते. गालाची साल निघाली होती.

त्या पहिल्या संध्याकाळी, ते गेल्यावर, माझा चपराशी माठात पाणी भरत होता. त्याचा चेहरा स्वच्छ होता. मोजणी सुरू झाली तेव्हाही स्वच्छ होता, आणि तो दिवसभर माझ्यासमोर होता. मी विचारले, तू दाढी कुठे केलीस. त्याने थोडा वेळ पाणी ओतणे चालू ठेवले. मग सांगितले की चावडीसमोर, न्हाव्याकडेच केली. त्याची उरकतच होती तेव्हा हे आले. न्हाव्याने विचारले, कोणाचे? यांनी सरळ सांगितले. न्हाव्याने वस्तरा पुसला, धोकटी गुंडाळली आणि म्हणाला, आज बंद.

"त्याइले कोण हात लावते इथं, साहेब?" चपराशी म्हणाला. "तुमाले माहीत नव्हतं काय?"

मला माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते. त्या न्हाव्याला बोलावून जाब विचारणे माझ्या अधिकारात होते. गावकऱ्यांसमोर माझे शब्द मागे घेणेही होते. मी दोन्ही केले नाही. मोजणी उरकून आम्ही नागपूरला परतलो. पुढच्या आठवड्यात कचेरीच्या गच्चीवर पहिली ताटली दिसली. त्यानंतर एक डबी पेटीत, एक जीपमध्ये आणि एक टेबलाच्या खणात, अशा तीन वड्या त्यांच्याजवळ सदैव तयार असत.

माझ्याकडून एक वाक्य द्यायचे राहिले होते. ते नऊ वर्षे राहिले. रॅकवरची मलमल दिसली की मी खोलीत जायचे टाळी. मग स्वतःवर चिडून मुद्दाम जाई. एकदा सुरुवातही केली. "त्या गावी," मी म्हणालो.

"कोणतं गाव, साहेब?" त्यांनी स्टुलावरून विचारले. त्यांची नजर माझ्यावर होती, नख वडीवर.

"काही नाही. मौद्याचा नकाशा पाठवा," मी म्हणालो.

ज्याबद्दल मी बजावत होतो, तेच अखेर झाले. थांबण्याआधी ते उतरले, पडले आणि उजवा हात कोपराजवळ मोडला. पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात टांगलेला. पाय पलंगावर एका जागी ठरत नव्हते. डाव्या हाताची पाठ ते सारखी गालावर घाशीत होते. पत्नी उशाशी होती. ती म्हणाली, "साहेब, तुमीच सांगा जी यांले. माह्या हातानं करू देत नाही, म्हणते तुहा हात कापते. इथला न्हावी बिचारा स्वतः येते रोज, त्याले वापस पाठवते. काहून पाठवता म्हटलं, तर सांगत नाही."

उशाजवळ पिशवी होती. तिच्यात डबी होती, हे मला पाहावे लागले नाही. मी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पत्नीला गरम पाणी आणायला सांगितले. ती गेली.

"साहेब, हे काय करून राहिले तुमी?"

"मान वर करा," मी म्हणालो.

ओल्या ब्रशने वडीवर गोल गोल फिरवले की आधी काहीच येत नाही. मग एकदम घट्ट फेस येतो, आणि तो गालावरून ओघळत नाही. इतक्या वर्षांत मी ती वडी हातात घेतली नव्हती. पाणी आले. पत्नी दाराशीच थांबली. मी दुसऱ्याची दाढी आयुष्यात केली नव्हती. हनुवटीवर कापले. गळ्यावर पाते आले तेव्हा, ओठ न हलवता, ते म्हणाले, "त्या दिवशी दुकान बंद नव्हतं, साहेब."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून."

मी पाते उचलले नाही. उचलले असते, तर पुन्हा टेकवण्याचे धैर्य झाले नसते. पलंगावरचे पाय थांबले होते.

"मले वाटे, तुमाले माहीत नाही," ते म्हणाले. "म्हणून मी तुमाले माफ करून ठेवलं होतं."

मी म्हणालो की माझी चूक झाली, आणि ती गावकऱ्यांसमोर सांगायला हवी होती. एवढेच. नऊ वर्षांनी ते वाक्य फार लहान निघाले. मी त्यांचा चेहरा पुसला. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा जबड्यावरून सावकाश फिरवला, कानापासून हनुवटीपर्यंत, हद्द तपासावी तसा.

"डावीकडे राहून गेलं, साहेब," ते म्हणाले. "अजून कच्चं आहे."

मी पुन्हा फेस केला.

हात बरा व्हायला दोन महिने लागले. पुढे मी निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभाला ते आले, मागे उभे राहिले आणि भाषणे संपण्याआधी निघून गेले. दुसऱ्या दिवशी चपराशी घरी एक डबी देऊन गेला. चिठ्ठी नव्हती. माफीचे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याचा हक्क मला नव्हता. काही वर्षांनी, अजून नोकरीत असतानाच, ते गेले. मला चौथ्या दिवशी कळले.

मी आता ट्यूब वापरतो. डबी कपाटात आहे. वडी आक्रसून कडांपासून सुटली आहे आणि दगडासारखी झाली आहे. नख लावले तर उमटत नाही. फक्त मधोमध एक चंद्रकोर आहे. देण्यापूर्वी त्यांनी वडी तपासली होती, तेव्हाची.